चोवीस वर्षे आधी लिहिलेले वय

मागच्या महिन्यात मांजरसुंब्याला एस.टी.त चढताना कंडक्टरने माझ्या कोपराला हात दिला आणि तो म्हणाला, "बाबा, सावकाश." मग एका तरुणाला उठवून त्याने मला खिडकीजवळची जागा करून दिली. मी अद्याप पंचावन्नाचाही नाही. केस पिकले आहेत हे खरे, पण माझी दृष्टी, माझे अक्षर आणि माझी तहरीर, म्हणजे अर्जाची बांधणी, यांत आजही कोणास खोट काढता येणार नाही. असे असता त्या शब्दाचा मला राग यावयास हवा होता. तो आला नाही. मी बसलो आणि मला बरे वाटले. का बरे वाटले, याचा विचार करीत मी बीडपर्यंत आलो, आणि मला माझी चुलती आठवली. तिने ती जागा घेतली नसती.

मी अर्जनवीस आहे. गेली तीस वर्षे तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझी बैठक आहे. शिक्षण म्हणाल तर अर्धवट. चौथीपर्यंत उर्दूतून झाले, पुढचे दोन वर्ग कसेबसे, आणि मग शाळेलाच कुलूप लागले. परंतु लोकांची दुःखे योग्य शब्दांत सरकारपुढे मांडण्याचे काम पदवीधरांना जमत नाही ते मला जमते, हे खुद्द वकिलांनी कबूल केलेले आहे. अर्जात नावानंतर लगेच वय येते. नाव माणूस ठसक्यात सांगतो, गाव त्याहून ठसक्यात. वय विचारले की तो आभाळाकडे पाहतो आणि म्हणतो, "लिवा की तुमीच, तुमाला काय वाटतंय ते." मग मी त्याच्या दातांकडे आणि टाचांकडे पाहून आकडा ठरवतो. या रीतीने मी हजारो माणसांची वये ठरवली असतील. त्यांपैकी एका वयाविषयी मला लिहावयाचे आहे.

आमचे गाव मांजरसुंब्याच्या पुढे, बालाघाटाच्या उतारावर. आईवडील मला आठवत नाहीत. चुलत्यांनी आणि चुलतीने मला वाढवले. तिला मी काकू म्हणत असे. निजामाच्या राजवटीचे शेवटचे साल आले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुस्तकांत त्या सालास मोठी नावे आहेत. आमच्या घाटावर त्याला अजूनही गडबडीचे साल म्हणतात. हत्यारबंद टोळ्या शेजारची गावे जाळीत आमच्या शिवेपर्यंत आल्या, तेव्हा चुलते म्हणाले, "तुमी व्हा पुढं. म्या जनावरं घेऊन येतो." आम्ही पुढे झालो. ओढ्यांच्या कडेकडेने चालत, दिवसा लपत, हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात शिरलो. तेथे निर्वासितांची छावणी होती. चुलते आले नाहीत. बैलही आले नाहीत.

काकू तेव्हा छत्तीस वर्षांची असावी. भरल्या मोटेचा नाडा एकटीने ओढणारी बाई. छावणीत तिने आयुष्यात प्रथमच रांगेत उभे राहून पदर पसरला. त्या पदरात ज्वारी ओतणारा स्वयंसेवक तिशीतला होता. तो म्हणाला, "या आजी, पुढं या."

हा प्रसंग तिने मला पुढे अनेकदा सांगितला, आणि दर वेळी त्याच शब्दांत. "तवाच म्हातारी झाले म्या. चार दिवसांत. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् आजी म्हनला. न्हवरा गेला, घर गेलं, आन् त्याच्यासंगं वय बी गेलं." पोलीस अ‍ॅक्शननंतर आम्ही गावी परतलो तेव्हा तिने जळक्या घरातून वापरण्याजोगे सारे काढले, आरसा मात्र शाबूत मिळूनही शेजारणीस देऊन टाकला. त्यानंतर तिच्या घरात आरसा नव्हता. वेणी ती चाचपून घालीत असे.

आणि तरीही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, पुढच्या वीसबावीस वर्षांत ती कधी थकलेली मी पाहिली नाही. भिंती तिने स्वतः उभ्या केल्या, नांगरटीस माणूस न मिळाल्यास स्वतः नांगरामागे गेली. कोणी वयाचा विषय काढला तर ती म्हणे, "म्हातारपण गोवरासारखं असतंय. मला येऊन गेलंय. एकदा आलं की परत येत न्हाई." लोक हसत. मला मात्र त्यात तथ्य वाटे, कारण रांगेतल्या त्या पसरलेल्या पदराशिवाय म्हातारपणाची दुसरी ओळखच तिला नव्हती. हात कामात आहे तोवर माणूस म्हातारा नाही, हा तिचा कायदा होता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले. गावाजवळ सरकारने पाझर तलावाचे काम काढले आणि सारा गाव त्यावर गेला. सोसायटीच्या गोदामात लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आला. तो कितीही शिजवला तरी दाताखाली कचकच करी. अशा दिवसांत एके दुपारी काकू बारा कोस चालून माझ्या लिंबाखाली येऊन उभी राहिली.

"कुणाला भेटायला आलीस, काकू?"

"तुलाच. लिही."

"पाणी तरी पी आधी."

"पानी पिऊन आले. तू लिही. त्यो मुकादम मला खडीवर घेईना. म्हनतो, तू झाडाखालची लेकरं संभाळ, न्हाईतर पान्याचा हंडा घेऊन बस. मला हातोडा पायजे."

"अगं, खडी फोडणं तरण्या बायांचं काम हाय."

"मग? म्या कोन हाय?"

मी कागद घेतला आणि दोन पाने भरून अर्ज लिहिला. अर्ज उत्तम उतरला होता, हे मी आजही म्हणेन. वयाचा आकडा मी घातला नाही; त्याऐवजी त्यात माझे नेहमीचे वाक्य होते, जे मी गरिबाच्या प्रत्येक अर्जात घालीत असे: "अर्जदार ही वयोवृद्ध, निराधार व जर्जर असून तिला दयाळू सरकारखेरीज अन्य कोणी वाली नाही." मी तिला अर्ज वाचून दाखवला.

"हे वयो... काय म्हनलास?"

"ती झूल हाय, काकू. पोळ्याला बैलावर घालतेत तशी. नुसतं काम मागितलं तर सायब वाचीत न्हाई."

"झुलीखाली बैल हाय न्हवं पर? हातोडा मागितलास का?"

"मागितला. शेवटच्या ओळीत."

"शेवटी कावून? पहिल्यांदा मागायचा की."

मी हसलो. नंतर तिला विचारले की जोडायला काही कागद आहे का. जोडपत्राशिवाय अर्ज म्हणजे दाव्याशिवाय जनावर. कोठे भरकटेल सांगता येत नाही. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि छावणीतली चिठ्ठी पुढे केली. एवढी वर्षे तिने ती जपली होती, कारण तीवर चुलत्यांचे नाव होते. तिला वाचता येत नव्हते. नाव कोठे आहे ते तिने बोटाने लक्षात ठेवले होते. शाई उडत चालली होती, पण जांभळा गोल शिक्का स्पष्ट होता. शिक्का दिसला की आमच्या धंद्यातला माणूस मजकूर वाचीत नाही. मी ती चिठ्ठी टाचणीने अर्जास जोडली आणि अर्ज आत दिला.

पंधरा दिवसांनी आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन कचेरीत आले. मोठे बागाईतदार, तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस. माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "काय बे अर्जनवीस, घरात एवढं घबाड आन् आमाला पत्ता न्हाई?"

"कसलं घबाड, मालक?"

"तुझी चुलती. चौऱ्याऐंशीची हाय म्हनं! आन् अजून हातोडा मागती! सायबानं कपाळाला हात लावला. तिचं नाव कामावरनं कमी केलं, आन् अशक्त लोकांच्या फुकट धान्याच्या यादीत घातलं. येत्या गुरुवारी प्रांत सायब गोदामावर येनार. समद्यात म्हातारं मानूस म्हनून पहिलं माप तुझ्या चुलतीच्या पदरात, सायबाच्या हातानं. फोटोवाला बी सांगितलाय बीडचा."

"चौऱ्याऐंशी कुठनं आलं?"

"तूच जोडलाय की कागद. त्या साली साठ. तवापासून चोवीस. मला बी येतो हिशेब, तुझ्याएवढाच शिकलोय."

ते हसत निघून गेले. मी टाक खाली ठेवला. साठ हा आकडा कोठून आला ते मला कोणी सांगावयाची गरज नव्हती; टाचणी लावताना तो ध्यानात आला नाही, एवढेच.

जी गोष्ट मी तोवर कोणासही सांगितली नव्हती ती अशी. छावणीच्या दारात एका खोक्यावर बसून एक गृहस्थ निर्वासितांच्या चिठ्ठ्या लिहीत असत. माझे अक्षर पाहून त्यांनी मला मदतीस घेतले. कांबळी थोडी होती; ती म्हाताऱ्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना मिळत. थंडी होती आणि मला ताप भरलेला होता. काकूची चिठ्ठी माझ्या हाती आली. मी वयाच्या जागी साठ लिहिले. हा माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. त्यावर कांबळे मिळाले. वय चढवून लिहिले की सरकार विरघळते, हे शिक्षण मला तेथे मिळाले; शाळेने दिले नाही ते. पुढची सारी भाकरी मी त्याच शिक्षणावर खाल्ली.

आणि ज्या दिवशी काकूने रांगेत पदर पसरला, त्या दिवशी मी तिच्या मागेच उभा होतो. त्या स्वयंसेवकाने तिच्या तोंडाकडे पाहिलेच नव्हते. त्याने चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि मान खाली असतानाच तो म्हणाला, "या आजी, पुढं या."

चोवीस वर्षे ती तो प्रसंग मला सांगत आली आणि चोवीस वर्षे मी ऐकत आलो. प्रारंभी शिक्षेच्या भीतीने गप्प राहिलो, पुढे सवयीने. इतकी जुनी बाब उकरून काय साधणार, असे मी स्वतःस समजावीत असे.

बुधवारी दिवस मावळायच्या सुमारास मी गावी पोचलो. काकू उंबऱ्यात बसली होती. बातमी तिला कळली होती.

"म्या जानार न्हाई," ती म्हणाली. "पदर एकदा पसरला. पुन्यांदा पसरायला लावलंस तर तुझ्या लिंबाखाली येऊन जीव देईन."

"काकू, नाव कमी झालंय ते माझ्यामुळं. त्या चिठ्ठीत वय साठ हाय."

"मग त्यात तुझा काय कसूर? लिवनारानं तोंड बघून लिवलं आसंल."

"लिवनार मीच होतो."

मी सर्व सांगितले. कांबळे, ताप, खोके, आणि रांगेतला तो माणूस चिठ्ठीकडे पाहत होता तेही. सांगताना मी तिच्याकडे पाहिले नाही. शेजारच्या गोठ्यात एक म्हैस रेकत होती. तिला वैरण नव्हती.

"म्हंजी त्यानं माझं तोंड बघितलंच न्हाई?" काकूने विचारले.

"न्हाई."

"चोवीस वरसं म्या आरशात बघितलं न्हाई, लेका."

मी तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले. रागाने की कसे, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते कांबळं तुझ्याच अंगावर घातलंतं म्या. तवा तू जगलास." आणि मग, "आता उद्याचं निस्तर. त्या कागदावर खोटं तूच लिवलंस, खरं बी तूच लिही. आन् झूल घालू नगंस."

तो अर्ज तिने सांगितला आणि मी उतरवला. त्यात तीन ओळी होत्या. माझ्या हातून इतका लहान अर्ज तत्पूर्वी कधी झाला नव्हता, आणि लिहिताना मला उघडे पडल्यासारखे वाटत होते.

गुरुवारी गोदामापुढे मांडव होता. प्रांत साहेब तरुण होते, उन्हाने रापलेले. चेअरमननी भाषणात "आमच्या गावची चौऱ्याऐंशी वर्षांची माउली" असा उल्लेख केला आणि पहिले माप भरून घेतले. काकू मांडवाच्या कडेस उभी होती; पदर तिने कमरेस घट्ट खोचला होता. फोटोवाला तिला पुढे होण्याची खूण करीत होता. ती हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

मी उठलो. माझा परवाना, माझी बैठक, माझा शब्द, हे सारे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे होते. मी साहेबांस नमस्कार केला आणि अर्ज वाचला: "माझे वय साठ आहे. छावणीच्या चिठ्ठीत चोवीस वर्षांपूर्वी लिहिलेले साठ खोटे असून ते माझ्या पुतण्याने लिहिले आहे. मला खडी फोडता येते, मला हातोडा द्यावा."

मग चेअरमन मोठ्याने म्हणाले, "म्हंजी आमच्या तालुक्याचा अर्जनवीस खोटं लिवतो का बे?" आणि मांडवात हशा पिकला. एकजण मागून ओरडला, "माझी बी धा वरसं कमी करा हो, दुसरं लगीन करायचंय!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "तुम्ही लिहिलं होतं?"

"होय साहेब. चौदा वर्षांचा होतो."

"आणि हे आज का सांगताय?"

"तिला रांगेत उभं राहायचं नाही, साहेब."

त्यांनी काकूला पुढे बोलावले. ती गेली. "आजी," ते म्हणाले, "खरंच खडी फोडता?"

"आजी म्हनू नका," ती म्हणाली. "आन् कागदात बघू नका. माझ्याकडं बघा आन् सांगा."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. चांगले निरखून पाहिले. मग अर्जाच्या कडेस लिहिले की हिला हातोडा द्यावा, आणि सही केली. भरलेले माप दुसऱ्या एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या धोतरात गेले. फोटोही त्याचाच निघाला.

दुसऱ्या दिवसापासून काकू खडीवर होती. पुढे पाऊस पडेपर्यंत ती रोज गेली. माझ्यावर कचेरीने काही कारवाई केली नाही, पण लिंबाखाली बरेच महिने चेष्टा चालली. "जरा बेतानं म्हातारं करा आमाला," असे म्हणत लोक समोर बसत. ते नेहमीचे वाक्य मात्र मी त्यानंतर लिहिले नाही. काही अर्ज त्यामुळे नामंजूर झाले असतील. मी त्याचे समर्थन करीत नाही.

त्याच्या पुढच्या साली नारायणगडाच्या जत्रेतून मी तिच्यासाठी तळहाताएवढा आरसा आणला. द्यावा की न द्यावा, अशा विचारात दोन दिवस तो माझ्या पिशवीतच होता. दिला तेव्हा ती तो घेऊन दारात उजेडाला गेली. बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, रडेल.

"दात गेलेत की गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "साठीची दिसते. तवा तू उगंच घाई केलीस."

आरसा तिने खुंटीला लावला. आणि त्या सालापासून ती म्हातारी होऊ लागली. दुपारी जरा पडू लागली, जिना चढताना भिंतीला हात लावू लागली, शेजारच्या सुनांना "हंडा तूच उचल गं" असे म्हणू लागली. गोवराचे ते बोलणे तिने पुन्हा कधी काढले नाही. मी खरे सांगितले नसते तर ती आणखी दहा वर्षे नांगरामागे चालली असती काय, हा प्रश्न मला छळत असे. एकदा धीर करून तिलाच विचारले. ती म्हणाली, "दमले व्हते रं. पर दमायची भीती वाटायची."

ती गेली त्यासही आता तीन वर्षे झाली. छावणीने तिला म्हातारपणाची भीती दिली आणि मला त्याचा उपयोग शिकवला. एकाच रांगेत, एकामागे एक उभे असताना. म्हणून कंडक्टरने जागा दिली तेव्हा मी इतक्या सहज बसलो. कांबळे मिळते हे माझ्या अंगात मुरलेले आहे.

बीडच्या स्टँडवर उतरताना मात्र मी दांडी धरून, त्याच्या हाताची वाट न पाहता उतरलो. खाली आल्यावर वळून त्याला म्हणालो, "माझं वय पंचावन्नाच्या आत हाय. नीट बघ." त्याने पाहिले. "मग बी केस पांढरे हायेत की, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने घंटी मारली.

त्याने निदान माझ्या तोंडाकडे पाहून म्हटले होते.